वंदनाबाईंना झालेला उशीर

वंदनाबाई फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहायच्या आणि शिकवायच्या मात्र अस्सल नागपुरीत. "पोरींनो, गुणसूत्रं म्हटलं की घाबरून काहून राहिल्या? तुमच्याच अंगात आहेत ना ते!" मुख्याध्यापिकांनी टोकलं, की म्हणायच्या, "मॅडम, पेपर शुद्धच लिहितील त्या. आधी समजू तर द्या." त्या विज्ञान शिकवत, मी गणित. शाळेत नवी होते तेव्हा त्यांनीच मला सांभाळून घेतलं.

त्यांचे वडील लवकर गेले. दोन धाकट्या बहिणींची शिक्षणं आणि लग्नं वंदनाबाईंनीच केली. कोणी त्यांच्या लग्नाचं विचारलं, की एकच उत्तर, "पहिले त्यायचं, मंग माह्यं." त्यांचा नंबर आला तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. नवरा मिळाला तो लकडगंजात हार्डवेअरचं दुकान असलेले मधुकरराव, भला माणूस. चाळिशी ओलांडल्यावर बाईंना दिवस गेले. ही बातमी त्यांनी मला जिन्यात सांगितली, आणि सांगताना लहान मुलीसारखं तोंडावर पदर धरला.

पहिल्या रक्ततपासणीत शंका आली, म्हणून गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासलं. निकालाच्या दिवशी मी सोबत होते. डॉक्टरीणबाई हळू आवाजात समजावत होत्या, की वयाबरोबर स्त्रीबीजही जुनं होतं, गुणसूत्रांची वाटणी कधीकधी चुकते. बाईंनी त्यांना थांबवलं. "हेच तर शिकवून राहिली मी इतकी वर्षं. कोणतं जास्त आहे, तेवढं सांगा."

अठरावं गुणसूत्र एक जास्तीचं होतं. अशी बाळं बहुतेक जन्मापर्यंत पोचत नाहीत, पोचली तरी फार जगत नाहीत.

मधुकरराव म्हणाले, "ठेवू आपण. जितकं जगेल तितकं." बाईंनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाल्या. "त्याले जन्माले घालून तडफडताना पाहू काय?" सासूबाई घरात पुटपुटत राहिल्या, "म्हातारपणी हौस कशाले पाहिजे होती?" बाई एवढंच बोलल्या, "आई, हौस नव्हती. उशीर झाला होता."

गर्भपातानंतर चारपाच दिवसांनी मी भेटायला गेले. त्यांचा ब्लाउज पुढून ओला झाला होता. दूध आलं होतं. असं होईल, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कोणत्या धड्यात आहे वं, अंजू?"

पुढे पुन्हा दिवस गेले नाहीत. वर्षभरात पाळीही गेली.

नववीला आनुवंशिकतेचा धडा आला तेव्हा मी म्हटलं, "बाई, यंदा दुसरं कोणी शिकवेल." त्या ऐकेनात. मागच्या बाकावर मी बसून राहिले. एका मुलीने विचारलं, "बाई, आईचं वय जास्त असलं की गुणसूत्रांची वाटणी चुकते?"

"शक्यता वाढते. तिचा दोष नसते त्यात."

"मग तिनं काय करायचं?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "काही करता येत नाही, बेटा," म्हणाल्या, आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडल्या.

त्या वर्षाअखेर त्यांनी नोकरी सोडली आणि नरखेडकडे मधुकररावांच्या गावी जाऊन राहिल्या. फोन केला की ते म्हणत, "बोलत नाही ती कोणाशी. बागेत बसून राहते."

एकदा मात्र त्या फोनवर आल्या. माझी पस्तिशी झाली होती. घरी आजारी आई, भाऊ अजून शिकत होता, आणि माझ्या लग्नाचा विषय निघत नव्हता. त्यांना ते ठाऊक होतं.

"तुले लवकर कर, असं मी सांगणार नाही, अंजू," त्या म्हणाल्या. "मी लवकर केलं असतं, तर माह्या बहिणींले कोणी पाहिलं असतं? सांग ना, मी काय करायले पाहिजे होतं?"

एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या फोनवर आल्या नाहीत.