शिकाऊ गाडीचा दुसरा ब्रेक

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि घरून तंबी आहे की जुन्या केसेस उकरायच्या नाहीत. पण बाजारात जाताना 'दहा दिवसांत हमखास गाडी शिका' असा फलक दिसला की मी थांबतो आणि तिथे उभ्या असलेल्या शिकाऊ गाडीत डाव्या बाजूने वाकून बघतो. लोकांना वाटतं, म्हातारा या वयात गाडी शिकायला निघालाय. मी का बघतो, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा संगमनेरकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, रात्रपाळीची मंडळी सुटायच्या घाईत होती, तेवढ्यात फोन आला. गावाबाहेर कालव्याच्या पुलावरून रस्ता उताराने फाट्याकडे येतो. त्या उतारावर एका ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सुटली आणि थेट फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात घुसली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे सायकलमध्ये हवा भरून घेत होते. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

मी पोहोचलो तेव्हा गर्दीने एका बाईला घेरलं होतं. स्टेअरिंगवर तीच होती. पस्तिशीच्या आतबाहेरची, रस्त्याच्या कडेला मटकन बसलेली. तिला शिकवणारे मास्तर मात्र बाजूला उभे राहून येईल त्याला सांगत होते.

"मी वरडून सांगत हुतो, बाई ब्रेक मारा, ब्रेक मारा. माझ्याकडचा ब्रेकबी मी दाबला. पन यांनी अ‍ॅक्सिलेटरवर पाय दिला तो काढलाच न्हाई."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, क्लच आणि ब्रेकचं वेगळं पेडल बसवावं लागतं. ते केबलने मूळ पेडलला जोडलेलं असतं. शिकणाऱ्याचा पाय कधीतरी चुकणार हे कायद्याने धरूनच ठेवलं आहे, म्हणून गाडी थांबवायची ताकद शिकवणाऱ्याच्या पायात द्यायची, असा तो नियम. हे पेडल नसेल तर स्कूलला परवाना मिळत नाही.

आमच्या हवालदारांनी पंचनामा केला. डाव्या बाजूला पेडल आहे, अशी नोंद झाली. परिवहन खात्याकडून तपासणी झाली, मूळ ब्रेक सुस्थितीत निघाले. डाव्या पेडलची केबल जागेवर नव्हती, ती धडकेने निसटली असावी, असा शेरा आला. म्हणजे सगळं बोट त्या बाईकडे वळलं.

आणि बाई काय म्हणाली? मी जबाब घ्यायला बसलो तर तिने एका वाक्यात विषय संपवला.

"चूक माजीच हाय साहेब. मानूस मेलं. काय लिवायचं ते लिवा, मी सही करते."

तिचा नवरा दुधाची पिकअप चालवायचा. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला पोचवायचा. त्याला फिट येऊ लागल्या आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. दारात गाडी उभी, रोजंदारीवर ड्रायव्हर ठेवावा तर हाती काही उरत नाही. मग हिने ठरवलं, आपणच शिकायचं. सासूचा विरोध, भावकीची टिंगल, सगळं सहन करून ती रोज सकाळी क्लासला येत होती. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा तिच्या माथी बसला असता तर शिक्षा राहिली बाजूला, लायसन्सचा विषयच संपला असता. पिकअप विकावी लागली असती आणि वाड्यावस्त्यांवरची दूध घालणारी घरं दुसऱ्याने धरली असती. हे सगळं ती जाणून होती आणि तरीही सही करायला बसली होती.

गावात तोवर मोबाईलवर विनोद सुरू झाले होते. बायका आणि गाडी, हा विषय मिळाला की आपल्याकडे लोकांना चेव येतो. एक माणूस मेलाय, त्याच्या घरी सुतक आहे, याचंही कुणाला सोयरसुतक नव्हतं. स्कूलचा मालक ठाण्यात आला तोही हसतच. पांढरे कपडे, हातात फाईल, चार पुढाऱ्यांशी ऊठबस. फाईल चोख होती. परवाना, विमा, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र, सगळं लावलेलं. खुर्चीत रेलून म्हणाला, "साहेब, लेडीजला आम्ही शिकवतो हीच आमची चूक. पुढं काय होतं ते तुम्ही बघताच."

मी त्याला चहा विचारला नाही. पण पुराव्याशिवाय रागाचा काही उपयोग नसतो, आणि माझ्या हातात तेव्हा पुरावा नव्हता.

दोन दिवसांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका ठाण्यात आल्या. दारातच थांबून त्यांनी महिला कर्मचारी आहे का विचारलं. मी महिला कॉन्स्टेबलला बोलावलं, तेव्हा कुठे बसल्या.

"त्या बाईंना अटक होणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"कागद तरी तसेच आहेत," मी म्हणालो.

"मीही त्याच क्लासला जात होते, सर. मध्येच सोडला. त्या मास्तरांचा हात सारखा गिअरपाशी असायचा. गिअर टाकायला मी हात खाली नेला की त्यांच्या हाताला लागायचा. मला ते बरं वाटेना. घरी बोलले असते तर क्लासच काय, शाळेत एकटीनं जाणंही अवघड झालं असतं. म्हणून मुकाट्यानं सोडून दिला. पण आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं. असला माणूस शेजारी असेल तर बाईचा पाय चुकणारच."

मला वाटलं, हा छेडछाडीचा प्रकार. तशी तक्रार लिहून घ्यायला सांगितली. पण जबाब घेताना एक सवय मी कायम पाळली. माणूस तोंडाने सांगतो ते लिहायचं आणि मग त्याला ते करून दाखवायला लावायचं. तोंड अंदाजाने बोलतं, हात सहसा तसं करत नाहीत.

"हात नेमका कुठे असायचा, ते या खुर्चीवर बसून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी उजवा हात खुर्चीच्या कडेला खाली नेला आणि मूठ वळली. "इथे. हँडब्रेकवर. उतार आला की तर अगदी आवळून धरायचे."

"कधी काही वावगं बोलले?"

"नाही. खरं सांगायचं तर तेच घाबरलेले दिसायचे. घाम फुटलेला असायचा."

मी पेन खाली ठेवलं. ज्याच्या पायाशी ब्रेक आहे, तो माणूस जीव मुठीत घेऊन हँडब्रेक धरून कशाला बसेल?

त्याच क्लासला जाऊन आलेल्या आणखी तिघांना बोलावलं. त्यात दोन पुरुष होते. त्यांनीही तेच सांगितलं. एकजण म्हणाला, "मास्तरची ती सवयच हाय साहेब. आमी म्हनायचो, हँडब्रेक घरी घेऊन जातो का काय." चला, छेडछाडीचा संशय तिथेच मिटला. त्या माणसाची नियत खराब नव्हती. त्याच्या पायाखाली चालणारा ब्रेक नसावा.

मास्तरांना बोलावलं. आवाज चढवला नाही. टेबलासमोर लाकडी खुर्ची ठेवली आणि म्हणालो, "मास्तर, ही तुमची गाडी समजा. शेजारी बाई बसल्यात. पूल ओलांडला, उतार लागला, बाईंनी चुकीच्या पेडलवर पाय दिला. तुम्ही काय केलं? सांगू नका, करून दाखवा."

ते बसले. सुरुवातीला उगाच हसले. मग बहुधा तो उतार त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा. "बाई, ब्रेक, ब्रेक," असं पुटपुटत त्यांचा उजवा हात खाली गेला आणि सगळं बळ लावून त्यांनी हवेतच काहीतरी वर ओढलं. दोन्ही पाय मात्र फरशीवर जसेच्या तसे टेकलेले.

"मास्तर, पाय हलला नाही तुमचा," मी म्हणालो.

त्यांनी पायांकडे बघितलं. मग चेहरा ओंजळीत धरून रडायला लागले.

"कशाला हलंल साहेब? दाबून काय उपेग? त्याला केबलच न्हाई. पयल्यापासून न्हाई. मी मालकाला लई डाव म्हनलो, तर म्हनला, तुला जमत नसंल तर दुसरा बघतो."

पुढचं आपोआप बाहेर आलं. हे मास्तर म्हणजे कारखान्याच्या ऊस वाहतुकीचा जुना ट्रक ड्रायव्हर. नियमाप्रमाणे शिकवणारा किमान दहावी पास लागतो, पाच वर्षं गाडी चालवलेली लागते, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र लागतं. यांची शाळा चौथीत सुटलेली. फाईलमध्ये प्रमाणपत्र होतं ते भलत्याच माणसाचं, आणि तो पुण्याकडे एका कंपनीत नोकरीला. त्याचा कागद इथे शिकवत होता आणि तो तिकडे पगार घेत होता. मग पेडल तपासायला कुणी येत नव्हतं का, असं मी विचारलं.

"आले की. दार उघडून डोकावलं, पेडल दिसलं, झालं."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि दुसऱ्याला काय नावं ठेवायची, आमच्या पंचनाम्यातही तेच झालं होतं. पेडल दिसलं, नोंद झाली. ते पायाने दाबून बघावं, त्याला केबल कधी होती का ते तपासावं, असं एकाही सरकारी माणसाला वाटलं नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून नवे पंच घेऊन आम्ही पुन्हा गाडीकडे गेलो. ठाण्याच्या आवारात ती धूळ खात उभी होती. सीट काढली, बॅटरीच्या उजेडात डावं पेडल तपासलं. केबल अडकवायचं भोक त्याच्या खालच्या पट्टीला होतं, आणि त्या भोकात पेडल बनवतानाचा काळा रंग जसाच्या तसा साचलेला होता. एकदा जरी केबल अडकवली असती तरी तो खरवडला गेला असता. मूळ ब्रेकच्या बाजूलाही जोडणीची खूण नव्हती. धडकेने निसटायला केबल मुळात असावी लागते. फोटो काढले, पेडल सील केलं, सह्या घेतल्या.

मालकाला समोर बसवून ते सीलबंद पेडल टेबलावर ठेवलं. त्याचं हसू गेलं, पण लाज काही आली नाही.

"साहेब, बरेच जण असंच करतात. केबल जोडली की हे मास्तर लोक उठसूट ब्रेक दाबतात. लायनर महिनाभर टिकत नाही. धंदा करायचा कसा?"

माझ्या नोकरीत मी खुनी बघितले, दरोडेखोर बघितले. रागाच्या भरात कुऱ्हाड घातलेला माणूस नंतर ढसाढसा रडतानाही बघितला. पण ब्रेकचं लायनर झिजू नये म्हणून माणसं उतारावर सोडणारा आणि वर तोंड करून ते सांगणारा हा पहिलाच. त्या क्षणी मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली, नाहीतर वर्दी गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सगळी तयारी आपण सरकारी शिक्क्यानिशी करून ठेवली होती, याचाच मला जास्त संताप आला.

तपासाची दिशा बदलली. मालक आरोपी झाला, मास्तर आरोपी झाले, कागद भाड्याने देणाराही सुटला नाही. त्या बाईचं नाव आरोपीच्या रकान्यातून काढून साक्षीदारांत घातलं. त्यावर वरून फोन आले. 'बाईनंच मारलंय, विषय कशाला वाढवता' असं मला समजावलं गेलं. गेलेल्या गृहस्थांचा मुलगाही आधी माझ्यावर चिडला होता. त्याला मी सील करायच्या आधीच्या पेडलचे फोटो दाखवले. पुढे कोर्टाची एकही तारीख त्याने चुकवली नाही. स्कूलचा परवाना रद्द झाला. आणि सांगायला शरम वाटते, काही महिन्यांत त्याच गाळ्यावर मेहुण्याच्या नावाने नवा फलक चढला.

या केसने मला काय शिकवलं? नियमाचं पुस्तक मी तोवर कंटाळत चाळायचो. इतकी वर्षं अनुभव हवा, अमुक प्रमाणपत्र हवं, पेडल हवं, किमान तीन आठवडे शिकवलं पाहिजे. वाटायचं, बाबू लोकांना काम हवं म्हणून लिहिलंय. त्या दिवसानंतर वाटायला लागलं की यातली ओळ न् ओळ कुणीतरी मेल्यावर लिहिली गेली असणार. आणि आपण ती फाईलला लावायचा कागद करून टाकतो. दहा दिवसांत लायसन्स घरपोच मिळालं की आपणही खूश होऊन पेढे वाटतो, तेव्हा दोष एकट्या मालकाचा नाही.

खटला उभा राहिला तोवर माझी बदली झाली होती. साक्षीसाठी आलो तेव्हा त्या बाईचीही साक्ष होती. मालकाचे वकील नामांकित होते. त्यांनी केबलचा विषयच काढला नाही. सरळ तिच्यावर घसरले.

"ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटर तुम्हीच दाबलात, हे खरं आहे ना?"

"व्हय."

"म्हणजे चूक तुमची. दुसऱ्या कुणाची नाही. बरोबर?"

ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. ठाण्यात माझ्यासमोर बसली होती तेव्हा तिने मान वर केली नव्हती. या वेळी तिने वकिलांकडे नाही, मालकाकडे बघितलं.

"चुकले की साहेब. न चुकता येत असतं, तर यांच्याकडं शिकायला कशाला गेले असते?"

न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितलं, हे उत्तर साक्षीदाराच्याच शब्दांत लिहून घ्या.