आडवी फिरलेली पाटी

कालीपा खाष्ट होती, हे डोंगराळ नारिन गावच्या भूकंपमापन केंद्रात कुणीही सांगितलं असतं. यंत्र बिघडलं की ती आधी माणसांना झापायची आणि मग यंत्राकडे वळायची. परदेशी पाहुण्यांनी युनिक्सवर चालणारं ते जाडजूड वर्कस्टेशन आणून ठेवलं, तेव्हापासून ते जणू तिच्या माहेरचंच झालं होतं. तिच्या टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तिचा नवरा सागीन तिथलाच ड्रायव्हर आणि मेकॅनिकही. वरच्या खिंडीतलं भूकंप मोजणारं यंत्र सांभाळणं हे त्याचं काम. वर पोचला की तो जमिनीत पुरलेल्या यंत्राशेजारी दणादणा पाय आपटायचा. त्याच्या रेघा रेडिओवरून खाली येऊन कालीपाच्या पडद्यावर उमटायच्या, म्हणजे स्वारी पोचली. "बायकोला हाक मारायची तर मला डोंगर हलवावा लागतो," असं तो गावभर सांगत सुटायचा. ती चिडायची, पण त्या रेघा बघितल्याशिवाय घरी जायची नाही.

काल तो वर गेला आणि दुपारी जमीन हलली. नारिनमध्ये कपबशा वाजल्या, तेवढंच. पण नंतर वीज गेली ती गेलीच, आणि रेघा बघायच्या राहून गेल्या. वरचं यंत्र बॅटरीवर चालतं. साठवलेल्या रेघा वीज आल्यावर खाली पाठवतं. पहाटे वीज आली, म्हणून सकाळी कालीपा चहासुद्धा न घेता आली आणि अंगातला कोट न काढताच टेबलाशी बसली. सागीनने पाय आपटले होते का, जमीन हलल्यानंतरही आपटले होते का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने माउस सरकवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

"आज राहू दे ना ते," मागून आवाज आला. केंद्राचे प्रमुख तुर्दाकुन आगाय स्वतः चहाचा पेला घेऊन उभे होते. या माणसाने आजवर कुणाला पाणी दिलेलं तिला आठवत नव्हतं.

"राहू कसं देऊ? सागीनचा रेडिओवर काही निरोप?"

"रेडिओ दुरुस्तीला दिलाय."

"कुणाकडे? इथं दुरुस्त करणारी मीच आहे."

आगायांनी पेला तिच्यासमोर ठेवला. "साखर घातलीय. पी," म्हणाले आणि निघून गेले. कालीपाला राग आला आणि तिने तो माउसवर काढला.

कळफलकावर टाइप केलेली अक्षरं पडद्यावर उमटत होती, म्हणजे यंत्र जिवंत होतं. माउसची वायर कळफलकातच घुसते. तिने यंत्र रीतसर बंद केलं, वायर काढून फुंकर मारली, पुन्हा घट्ट बसवून यंत्र चालू केलं. काही नाही. माउसच्या पोटाखालचे दोन काचेचे डोळे स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. काही नाही. शेजारच्या खोलीत गेली, तर तिथले दोघे बोलता बोलता गप्प झाले. माउस मागताच एकाने तो धावत आणून दिला. एरवी याच माणसाकडून साधी पेन्सिल घ्यायची तर तासभर हुज्जत घालावी लागायची.

दुसरा माउसही तसाच मेलेला.

दुसऱ्या संगणकावरून आपल्या संगणकात शिरून तिने पडद्यावरच्या खिडक्या उघडणारा प्रोग्राम बंद पाडला आणि नव्याने उठवला. बाण पडद्याच्या मधोमध आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. बाहेर अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. गाडी सागीनची नव्हती. त्याच्या गाडीची खोकल्यासारखी धडधड तिने झोपेतही ओळखली असती.

माउस बदलला, वायर बदलली, प्रोग्राम बदलला. मग न बदललेलं काय उरलं? तिची नजर पाटीवर गेली. हा माउस लाकडावर चालत नाही, त्याला खाली चकचकीत धातूची चौरस पाटी लागते. पाटीवर बारीक रेघांची जाळी असते. उभ्या रेघा एका रंगाच्या, आडव्या दुसऱ्या. माउसचे डोळे त्याच वाचतात. तिने पाटी उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. उभ्या हव्यात त्या निळ्या रेघा आडव्या होत्या.

पाटी कुणीतरी उचलली होती आणि परत ठेवताना फिरवून ठेवली होती.

तिने ती सरळ केली. बाण लगेच धावला.

"आपा!" ती ओरडली. साफसफाई करणारी म्हातारी रौझा आपा दारातच होती, जणू हाकेचीच वाट बघत होती. "माझ्या पाटीला हात कुणी लावला?"

"मी गं, पोरी." आपाने हातातलं फडकं पिळलं. "चकाकते ना ती. आरशासारखी. म्हणून पालथी घातली होती. मोरीवरच्या आरशावरही टॉवेल टाकला होता. आगाय ओरडले, म्हणाले, काढ आधी, ती आली की तिला कळेल. मग घाईघाईत..."

माणूस गेलं की आरसे झाकतात, हे नारिनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि अशी बातमी एकट्यादुकट्याने सांगायची नसते, हेही. नवऱ्याकडची थोरली माणसं जमेपर्यंत सगळ्यांनी तोंड शिवून राहायचं. ती एकदम येतात, एकदम सांगतात, आणि त्यांनी सांगितलं की मगच ते खरं होतं.

कालीपा खुर्चीत बसली. बाण तिच्या हाताखाली निमूट हलत होता. रेघांच्या चौकटीवर नेऊन बटण दाबलं की झालं. तिने बोट बटणावर ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. खिडकीतून उंच पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. सागीनचा थोरला काका, त्याच्या मागे आणखी दोघे. बुटांचा चिखल झटकत ते आत यायच्या तयारीत होते.

आगाय दाराशी आले. त्यांनी टोपी हातात घेतली होती.

"कालीपा, जरा बाहेर ये. गावाकडची मंडळी आलीत."

तिने माउस बाजूला केला. पाटी दोन्ही हातांनी उचलली, काटकोनात फिरवली आणि आडवी ठेवून दिली. मग माउस त्यावर ठेवून इकडून तिकडे सरकवला. बाण हलला नाही.

"अजून चालत नाही हो, आगाय," ती म्हणाली. आवाजात खाष्टपणाचा मागमूस नव्हता, नुसती गयावया होती. "हे झाल्याशिवाय मला उठता येत नाही. त्यांना थांबायला सांगा."

आगाय बाहेर गेले. त्यांनी म्हाताऱ्यांना काय सांगितलं, ते ऐकू आलं नाही. पण ते तिघेही पायरीवरून खाली उतरले आणि अंगणात उभे राहिले.