एक चमचा कमी

विजयाबाई सातवीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आल्या. रेल्वेत कारकून असलेल्या अच्युतरावांचा संसार त्यांनी तिथल्या तात्यापारा वस्तीत नेटानं केला. पुढे शहर छत्तीसगडची राजधानी झालं, नवी कॉलेजं निघाली, आणि त्यांपैकीच एकातली पिंकी एक दिवस दारात येऊन उभी राहिली. रोज दही खाल्ल्यानं म्हाताऱ्या माणसांच्या पोटाच्या तक्रारी कमी होतात का, यावर तिचं संशोधन चाललं होतं.

अट अशी, की दोन महिने तिनं दिलेला डबा रोज पूर्ण संपवायचा. दुसरं दही, ताक काही घ्यायचं नाही. काही डब्यांत जिवंत जंतूंचं दही होतं, काहींत तापवून जंतू मारलेलं. कोणाला कोणतं, हे पिंकीलाही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तू दही खाऊन राहिली का दह्याचा मुडदा, हेबी माहीत नाही?" अच्युतराव हसले.

"हसा तुम्ही. माझ्या पोटावरून पुस्तकात काहीतरी लिहितील."

स्वयंपाकाखेरीज त्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे याच प्रयोगातल्या शेजारच्या गोदावरीबाई आपला डबा खुशाल नातवाला देत असल्या, तरी विजयाबाई मात्र बोटानं पुसून खात. त्यांना मोह नको म्हणून अच्युतरावांनी घरात दही लावणंच थांबवलं. जेवणाअखेरचा ताकभात त्यांनीही सोडला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात अच्युतरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दुसरा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. सकाळी ऑटो दारात आला. देवाला नमस्कार करून अच्युतरावांनी सवयीनं उजवा तळहात पुढे केला. मोठ्या कामाला निघताना दही-साखर घेतल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता.

विजयाबाई जागीच थबकल्या. घरात दही होतं ते फक्त त्यांच्या डब्यात.

अच्युतरावांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी मूठ मिटली. "राहू दे. नुसती साखर चालते. तुह्या नेमात खोट नको."

पण त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. विजयाबाईंनी ती मिटलेली मूठ हातात घेतली, एकेक बोट उघडलं आणि चमचाभर दही साखरेसकट तळहातावर ठेवलं.

"जितं हाय का मेलेलं?"

"मले काय माहीत? घ्या मुकाट्यानं."

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी अच्युतराव डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडले होते, तेवढ्यात पिंकी आली.

"पोरी, आज मी तुझं काम बिघडवलं. नाव काढून टाक माझं," विजयाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सकाळचं सगळं सांगितलं.

पिंकीला मराठी समजायचं, बोलायची ती हिंदीच. "अरे काकी, एक चम्मच से नहीं बिगड़ता, झूठ से बिगड़ता है. मैं लिख देती हूँ, आज एक चम्मच कम. कारण क्या लिखूँ?"

 शकुन म्हटलं तर कॉलेजातले हसतील, असं विजयाबाईंच्या मनात आलं.

"लिव पोट्टी," खाटेवरून आवाज आला, "नवरा भ्याला होता."

विजयाबाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"अन् आता?"

"आता भूक लागली."