नाही म्हणायला नेमलेला माणूस

इंगळे साहेब गेल्याचं त्यांच्या पत्नीनंच मला फोनवर सांगितलं. "ताई, हे गेले," एवढं म्हणून त्या थांबल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आता तरी ती चौकशी थांबेल ना हो?" साहेब अजून घरातच होते, पोरं नातेवाइकांना कळवत होती, आणि या बाईला पहिली आठवण झाली ती चौकशीची.

चाकण पट्ट्यातल्या आमच्या लहानशा नगरपरिषदेत गोविंद इंगळे मुख्याधिकारी होते आणि मी नगराध्यक्षा. पद महिलांसाठी राखीव झालं म्हणून घरच्यांनी मला उभं केलं होतं. निवडून मी आले, हार मात्र आमच्या मिस्टरांच्या गळ्यात पडले. पहिल्या दिवशी दालनातल्या खुर्चीतही तेच बसले. इंगळे आत आले आणि उभेच राहिले. मूळचे लातूरकडचे, बोलणं सावकाश. म्हणाले, "भाऊ, ही जागा ताईंची आहे. तुमच्यासाठी बाहेर चहा सांगतो." मिस्टरांचा चेहरा उतरला, पण ते उठले. मग इंगळ्यांनी मला समजावलं, "तुम्हाला लोकांनी निवडलं, मला सरकारनं पाठवलं. गावात काय करायचं ते सभेनं ठरवायचं, ते कायद्यानं करून दाखवायचं काम माझं. आणि कायद्यात बसत नसेल तर नाही म्हणायचं. नाही म्हणायलाच मला नेमलंय बघा." त्या दिवशी मला ते फार कडक वाटले होते. पुढं कळलं, नाही म्हणताना त्या माणसाला रात्रभर झोप लागत नसे.

गावामागून ओढा जातो. कंपन्या वाढल्या तशा ओढ्यात भराव टाकून पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. बीड, परभणीहून आलेले कामगार तिथं भाड्यानं राहत. सगळ्यात मोठी चाळ माझ्या दिरांची होती, आणि दीर आमच्याच सभेत नगरसेवक. पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी चाळीमागं एक उंच भिंत घातली होती, खाली धड पायाही नव्हता. इंगळ्यांनी चाळ पाडायची नोटीस काढली. त्यावर कारवाई थांबवावी असा ठराव दिरांनी सभेपुढं आणला. आदल्या संध्याकाळी ते घरी आले, जेवायला बसले आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "वहिनी, आपल्याच घरावर हात उचलायचा व्हय?" मी वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी मी विरोधात मत दिलं. ठराव तरीही मंजूर झाला, बहुमत त्यांच्या बाजूला होतं.

सभा संपल्यावर इंगळे म्हणाले, "ठराव बेकायदा आहे, ताई. मी कलेक्टरांकडे पाठवतो. वरून ठरावाला स्थगिती आली की चाळ पाडतो, तोवर माझे हात बांधलेले." स्थगिती यायच्या आत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांच्या जागी कायमचं कुणी आलंच नाही. कारभार शेजारच्या एका अधिकाऱ्याकडे दिला, ते कधीमधी येत. मी त्यांना सांगत राहिले, वरही सांगत राहिले, पण स्थगिती आली नाही. सभेच्या अध्यक्षस्थानी बसायचा अधिकार मला होता, चाळ पाडायचा हुकूम काढायचा नव्हता.

परतीच्या पावसात ती भिंत पडली. दत्ता नावाच्या एका कामगाराची बायको आणि लहान मुलगी खाली सापडल्या. तो स्वतः शिफ्टला होता म्हणून वाचला. अंत्यसंस्कार करून आल्यावर तो माझ्या दारात उभा राहिला. ओरडला नाही, रडलाही नाही. "ताई, अध्यक्ष तुमीच ना? मग पाडलं का न्हाई?" मी त्याला सगळं सांगितलं. सभेत काय झालं, मी कुणाच्या बाजूनं मत दिलं, साहेबांची बदली कशी झाली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे कुणीच न्हाई." आणि वळून निघून गेला. त्यानंतर तो गावात दिसला नाही.

चौकशी बसली ती इंगळ्यांवर. नोटीस दिली, मग कारवाई का केली नाही, एवढाच प्रश्न. ज्यांनी हात वर करून कारवाई थांबवली त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी जाऊन साक्ष दिली, दिरांचं नाव घेऊन दिली. त्या दिवसापासून आमची दोन घरं तुटली. सासूबाई गेल्या तेव्हाही दीर माझ्याशी बोलले नाहीत. साक्षीनंतर बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साहेब, यात तुमचा काय दोष?" ते म्हणाले, "चाळ पाडता येत नव्हती, खरंय. पण माणसं हलवता आली असती. शाळेच्या रिकाम्या खोल्या होत्या. माणसं हलवू नका असं ठरावात कुठं होतं?"

नोकरी संपली, चौकशी संपली नाही. वाकडला मुलाच्या फ्लॅटवर ते राहत होते. सोसायटीचे लोक चेअरमन व्हा म्हणून मागे लागले, तर हात जोडून आत निघून गेले. शेवटी हृदयानं दगा दिला. परवा कार्यालयातून इंगळे वहिनींना कळवण्यात आलं की मृत्यूमुळे चौकशी बंद करण्यात आली आहे. दोषी नाही, निर्दोषही नाही. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्यावर रोखलेलं बोट खाली घेतलं नाहीच कुणी."

गाव सोडल्यापासून साहेबांची एक सवय होती. मोठा पाऊस झाला की सकाळी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, "ताई, ओढ्याला पाणी कुठवर आलंय?" एवढंच. मी पुलावर जाऊन बघायचे आणि सांगायचे. गेल्या आठवड्यात रात्रभर कोसळला. सकाळी मी छत्री घेतली आणि पुलावर गेले. पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. हातात फोन होता... थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले.