वाफेचा पाठ

बी.एड.ला असताना ज्या नियमाचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा, तो प्रस्तावनेचा. पाठाचा विषय बाईंनी स्वतः सांगायचा नाही. प्रश्न विचारून तो मुलांच्या तोंडून काढायचा. म्हणजे जे अजून शिकवलंच नाही, त्याचं नाव पोरांनी आधी सांगायचं! सांगणार कुठून? म्हणून आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातल्या सगळ्या जणी आदल्या दिवशी शाळेत जाऊन वर्गाला उत्तर पढवून यायच्या. प्राध्यापकांना हे ठाऊक होतं. तेच तर सुचवायचे.

मी गेले नाही. वार्षिक परीक्षेचा पाठ होता, त्यात नापास म्हणजे वर्ष वाया, आणि वाईला घरचे माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले. तरी नाही गेले. नाटकच करायचं तर शिकवायचं कशाला? शाळा सांगलीजवळच्या खेड्यातली, भोवती ऊसच ऊस. विषय बाष्पीभवन. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचं चित्र सगळ्याच न्यायच्या. मी गुऱ्हाळ निवडलं आणि एकेक प्रश्न घासूनपुसून तयार केला.

"काहिलीत उसाचा रस उकळला की काय होतं?"

"गूऽऽळ!" अख्खा वर्ग ओरडला. मागे बसलेले परीक्षक हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. माझी कानशिलं तापली. पण मी प्रश्न सोडला नाही. "गूळ होईपर्यंत त्या रसाचं काय काय होतं?"

खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाई, रस कमी हुतोय. काहील काठापतूर भरल्याली असती, मग लय खाली जाती. त्यातलं पाणी वाफ हून वर जातंय. आमी बघतोय न्हवं!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिचंच वाक्य फळ्यावर लिहायला मी खडू उचलला, तोच परीक्षक उभे राहिले.

"'हुतोय' नाही. 'होतो'. पुन्हा म्हण."

"रस कमी... होतो."

"'हून' नाही, 'होऊन'. पूर्ण वाक्य शुद्ध म्हण."

ती 'पाणी' म्हणाली आणि अडकली. वर्ग हसला. ती खाली बसली.

"सर, पाठ माझा चालू आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता आणि तो उतरवायची मला इच्छाही नव्हती. पण नंतर तास संपेपर्यंत एकही हात वर आला नाही.

घंटा झाल्यावर ते म्हणाले, "विषय मुलांकडून आला नाही, बाई."

"आला होता सर. तुम्ही त्याला खाली बसवलंत."

त्यांनी मला नापास केलं. फेरपाठ त्याच वर्गावर, त्याच विषयाचा, त्याच परीक्षकांसमोर. या खेपेला मला न विचारता कॉलेजनेच आदल्या दिवशी कुणाला तरी तिथे पाठवलं होतं. माझा पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत वर्ग एका सुरात म्हणाला, "बाष्पीभवन!" परीक्षकांनी समाधानाने मान डोलावली. माझं डोकं फिरलं. मी खिडकीजवळच्या त्या मुलीला उठवलं.

"म्हणजे काय गं? तुझ्या शब्दांत सांग."

तिने आधी परीक्षकांकडे पाहिलं. मग हाताची घडी घालून, एकेक अक्षर जपून म्हणाली, "बाष्पीभवन, बाई."

मी पास झाले.