रेवाचा चेंडू

वेणू मोकल दोडक्याच्या शिरा काढत होती, चहा उतू जायच्या बेतात होता आणि तिचे यजमान प्रदीप एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते. तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. प्रदीपनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि कुजबुजले, "अगं, पोलीस! काय केलंस तू?"

"ओल्या कचऱ्यात प्लास्टिक तुम्हीच टाकलं असणार," म्हणत तिने दार उघडलं.

दारात दणकट हवालदार, चेहरा मात्र मुलीचा निकाल आणायला निघालेल्या बापाचा. "ताई, घाबरू नका. मी जगन घरत, श्वानपथकात हाय. तुमी काढलेले फोटो प्राण्यांच्या डॉक्टरांकडं बघितले. आमच्या रेवाचा एक काढाल का?"

वेणूचा हा नाद नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक. लेक नोकरीला लागली, तिचा जुना कॅमेरा बी. ए. झालेल्या आईकडे आला आणि आईने रस्त्यावरच्या कुत्र्यांचे फोटो काढायला घेतले. ते पाहून नऊ कुत्र्यांना घरं मिळाली. पिल्लाच्या एका जांभईसाठी ही बाई तासभर पायरीवर बसेल, पण माझा चष्मा शोधायला हिला वेळ नाही, ही प्रदीपची जाहीर तक्रार.

चहा पिताना जगनने खरं ते सांगितलं. रेवा स्फोटकं हुंगून काढते. सापडली की शांत बसायचं आणि मग बक्षिसाचा चेंडू मिळवायचा. तोच तिचा पगार. "पण महिना झाला, चेंडूवर झेपच घेत नाय. कामात जीव नाय तिचा. शुक्रवारी परीक्षा हाय. नापास झाली तर माझ्याकडून जाईल. निदान कामावरचा एक फोटो तरी जवळ राहू दे."

दुसऱ्या दिवशी पळस्प्याजवळच्या सरावाच्या मैदानावर वेणू सरळ पालथी पडली.

"ताई, चक्कर आली का?" जगन धावला.

"नाही हो! उभ्याने काढला तर नुसती पाठ येईल. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर नको का यायला?"

रेवा नाक खाली घालून गाड्यांमधून फिरली, एका चाकापाशी बसली. जगनने चेंडू टाकला. वेणूने दोनशे फोटो काढले.

घरी संगणकावर ते मोठे करून बघताना तिचा हात थांबला. सगळ्या फोटोंत चेंडू तोंडाच्या उजव्या बाजूलाच. डावा सुळा तर झिजून पार बोथट झालेला. तिने लगेच फोन लावला.

"जगनराव, चेंडू कसला देता?"

"टेनिसचा. दर आठवड्याला नवा कोरा! तिला काय कमी नाय केलं कधी."

"तिथंच घोळ झालाय. चेंडूवरच्या लोकरीत माती बसते आणि पॉलिशपेपरसारखी दात घासते. डावा सुळा झिजलाय तिचा, दुखत असणार."

पलीकडून बारीक आवाज आला, "म्हंजे मीच..."

"लाडानेच ना? आधी डॉक्टरांना दाखवा."

दात दुखतोय, हे डॉक्टरांनीही सांगितलं. औषध दिलं आणि तो चेंडू बंद केला. मग वेणू आणि जगन नवं बक्षीस शोधायला बाजारात गेले. शिट्टीचं खेळणं नको, फोडून गिळेल. घशात अडकेल इतकं लहान नको. नायलॉनचं हाड वेणूने अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. "नख रुतत नाही, म्हणजे दातच तुटायचा."

"वहिनी, लाडाचा दिसतो कुत्रा," दुकानदार हसला.

"लाडाची आहे, पण सरकारी नोकरीत आहे."

शेवटी भरीव, लवचीक रबराचं जाड कडं ठरलं. त्याला मोरा बंदरावरून वेणूच्या भावाने पाठवलेल्या सुती दोराची मूठ बांधली. होडीची गाठ, ओढाल तितकी घट्ट बसणारी.

शुक्रवारी रेवा तिसऱ्या गाडीपाशी जी बसली ती हललीच नाही. परीक्षेसाठी लपवलेली पुडी तिथेच होती. जगनने कडं फेकलं आणि तिने हवेतच झेललं, दोन्ही बाजूंच्या दातांनी. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी "पास" म्हटलं. जगनला दोन्ही हातांनी डोळे पुसावे लागले. वेणूचा कॅमेरा चालूच होता.

"ताई, लई उपकार झाले. काय देऊ तुमाला, सांगा!"

वेणूने पडद्यावर मागचे फोटो दाखवले. प्रत्येक बक्षिसानंतरच्या फोटोत जगनचा हात खेळणं काढून घ्यायला पुढे आलेला.

"एवढंच करा," ती म्हणाली. "दिलेलं लगेच काढून घेऊ नका. दोन मिनिटं तिच्या तोंडात राहू द्या."