खंडेनवमीचे टॅपेट

चूक माझी होती, तर अण्णानं ती स्वतःची म्हणून का सांगितली? मी हे वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, जेवून घ्या." दादू मिस्त्रीला विचारलं, तो पाना शोधायला उठला. पुढं मी विचारायचं सोडून दिलं.

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या नटबोल्टांसारखे ते कोपऱ्यात साठतात आणि टाकवत नाहीत. आमचं गॅरेज साताऱ्यात, पुण्याच्या रस्त्यावर. माझा थोरला भाऊ अण्णा हेडमिस्त्री, दादू त्याचा जोडीदार आणि मी. मी तिसरीत शाळा सोडली, तेव्हा लिहिण्यात चुकलो तर हसा. हसण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातलं बरंचसं मीच केलेलं!

*

शिरवळचा एक ड्रायव्हर आला. म्हणाला, "इंजिन लय टकटक करतंय." अण्णा जेवायला गेला होता. मला कुठं दम निघतो! व्हॉल्व्ह उचलणारे लोखंडी पेले, म्हणजे टॅपेट, सैल झाले की टकटक होते, एवढं मला ठाऊक होतं. मी बाराच्या बारा टॅपेट गच्च आवळले. मग हँडल मारलं. पुन्हा मारलं. घामाघूम झालो, पण इंजिन फुरफुरलंसुद्धा नाही. सगळे व्हॉल्व्ह उघडेच राहिले होते, ते चालू कसं होणार?

मी तरी म्हणालो, "पण आवाज तर गेला!"

दादू म्हणाला, "व्हय, इंजिनासकट गेला!"

अण्णा आला आणि त्यानं बाराही टॅपेट परत सैल केले. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

*

इंजिनाचं दुखणं ओळखायची अण्णाची रीत वेगळी होती. वरचं झाकण काढून इंजिन हळू चालवायचं आणि टॅपेटवर उभ्या प्रत्येक दांड्यावर, पुशरॉडवर, चुन्याचा ठिपका द्यायचा. टॅपेट चांगला असला की तो जागेवर हळूहळू फिरतो, त्याच्याबरोबर रॉड फिरतो, आणि ठिपकाही. जो ठिपका फिरत नाही, त्याच्या खालचा टॅपेट झिजला.

एकदा गिऱ्हाइकाकडं अण्णानं चुना मागितला. त्यानं चंचीच पुढं केली. "घ्या की मिस्त्री, पान बी हाय, तंबाखू बी हाय!"

"मला नको," अण्णा म्हणाला, "पाचव्या नंबरला द्यायचा हाय."

तो बिचारा पाचवा माणूस कुठं दिसतो का ते बघायला लागला!

*

इंजिन उतरवलं की अण्णा टॅपेट एका लाकडी फळीत ठेवायचा. फळीला बारा भोकं, ज्याचं त्याचं भोक ठरलेलं. कॅमशाफ्टचा, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याचा, उंचवटा आणि त्यावर बसणारा टॅपेट वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात. जुनेच परत घालायचे तर जागा बदलायची नाही. बदलली तर दोघंही झिजतात.

दादू म्हणायचा, "ज्याची बायको त्याच्याच घरात ऱ्हाऊ दे. न्हाईतर दोन्ही घरं बसत्यात!"

हे मी हजारदा ऐकलं होतं. हजारदा.

*

लढाई संपून मिल्ट्रीच्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा कुंडलच्या सुभेदारांनी एक ट्रक घेतला. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस, जीव त्या ट्रकात. दसऱ्याच्या तोंडाला त्याचं इंजिन आमच्याकडं उतरलेलं होतं. खंडेनवमीला अण्णा गॅस्केटचं पार्सल सोडवायला लोणंदला गेला. जाताना म्हणाला, "हत्यारांची पूजा तू मांड रं."

मी पाने मांडले, हातोडे मांडले, झेंडू वाहिला. तरी मन भरेना. फळीतले टॅपेट दिसले. बाहेर काढले, रॉकेलनं घासून लख्ख केले आणि पाटावर त्यांचं कमळ मांडलं. प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. दादूनंसुद्धा हात जोडले. त्याला वाटलं, भंगारातले असतील.

दुपारी ते उचलायला गेलो आणि हात तिथंच थांबला. कुठला कुठल्या भोकातला? बाराही सारखेच चमकत होते.

अण्णा आला तेव्हा बारा भोकं भरलेली होती आणि फळीला झेंडूची माळ होती. "झ्याक केलंस गड्या," तो म्हणाला. मी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो एकेक टॅपेट बसवत गेला. मी एकेक हातात देत गेलो. पहिला, दुसरा, तिसरा.

*

दोन महिन्यांनी सुभेदारांचा ट्रक हळदीची पोती घेऊन सांगलीच्या पेठेत बंद पडला. आम्ही दोघं गेलो. अण्णानं इंजिनाशेजारी एक पट्टी धरली, हँडल फिरवत प्रत्येक रॉड किती उचलतो त्याच्या पेन्सिलीनं खुणा केल्या. पाचवी खूण पार खाली. तो टॅपेट काढला तर बूड बशीसारखं खोल झालेलं, आणि कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट!

सुभेदार कडाडले, "मिस्त्री, तुजा हात गेला रं! पलटणीत असतास तर कोर्टमार्शल केलं असतं!" हमाल, अडते, सगळे गोळा झाले.

अण्णानं टॅपेट उलटा केला. आतल्या कपारीत लाल चिकटा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग अंगठ्यानं तो पुसून स्वतःच्या सदऱ्याला लावला.

"व्हय सुभेदार. जागा बदलल्या माज्या हातनं."

परतताना एवढंच म्हणाला, "भूक लागली का रं तुला?"

त्यानंतर सांगलीकडची एकही गाडी आमच्या फाटकात आली नाही.

*

चैत्रात अण्णाला ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर हा विचारतो, "साहेब, कितव्या नंबरचा आवाज येतोय?" डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा दिवस गेले. सातवा मिळाला नाही.

*

तेराव्यानंतर मी तडक कुंडलला गेलो. सुभेदारांना म्हणालो, "आवं, ती चूक माजी हुती. अण्णाची न्हाई. तुमी पेठेत त्याला बोलला, आता पेठेतच चला."

ते ट्रकात बसले. पेठेत तेच हमाल, तेच अडते. मी सगळं सांगितलं. पाट, कमळ, कुंकू, फळी, सगळं.

सुभेदारांनी डोळे पुसले. "बघा रं! मेलेल्या भावावरचा बोल पोरगं आपल्या अंगावर घ्यायला आलंय. असा भाऊ ज्यानं घडवला, त्यो मिस्त्री वाईट काम करंल व्हय? चुकलं माजंच."

"न्हाई, खरंच मी..."

"गप रं! कळतंय आमाला."

एक अडते म्हणाले, "लय मोठा माणूस हुता तुजा अण्णा. माजी गाडी उद्याच धाडतो तुमच्याकडं."

"माजी बी," दुसरा म्हणाला.

कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी परत सांगायला तोंड उघडलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

मी तो खडा तोंडात टाकला आणि चघळत राहिलो.